पितांबर सरांची मधली फुली

आमचं कॉलेज जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये आहे. नाव सांगत नाही, हायवेवरून जाणाऱ्या एसटीतून पिवळी इमारत दिसते एवढं पुरे. या कॉलेजात प्रा. पितांबर नारखेडे यांनी अठ्ठावीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातली अठरा वर्षं त्यांच्या नोट्स मी टाईप केल्या. सर तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे प्रमुख कोण यावर कधी वाद झाला नाही.

मी मोतीलाल, ऑफिसातला टंकलेखक. माझ्या टेबलाला तीन ड्रॉवर होते. वरच्यात कार्बन आणि कोरे कागद. खालच्यात डबा. मधल्यात ज्या वस्तू टाकून देता येत नाहीत आणि वापरातही येत नाहीत त्या, म्हणजे तुटक्या किल्ल्या, जुने शिक्के, बदलून गेलेल्या प्राचार्यांची लेटरहेडं वगैरे. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

सरांचा मुख्य विषय सद्गुण. दरवर्षी जुलैत ते टी. वाय.च्या वर्गात लाकडी फुटपट्टी घेऊन जात आणि फळ्यावर बरोब्बर साठ सेंटीमीटरची आडवी रेघ मारत. डाव्या टोकाला लिहीत 'भित्रेपणा', उजव्या टोकाला 'आततायीपणा', आणि तीस सेंटीमीटरवर फुली मारून म्हणत, "हे शौर्य." मग रेघ तीच ठेवून टोकं बदलायची. एकीकडे कंजूषपणा, दुसरीकडे उधळपट्टी, फुलीवर दातृत्व. ज्या ग्रीक माणसानं ही गोष्ट मुळात सांगितली त्यानं फुटपट्टी लावा असं कुठंच म्हटलेलं नाही, असं पुढे मला एका हुशार बाईनं सांगितलं. सरांना मात्र मोजल्याशिवाय चैन पडत नसे.

दुसऱ्या तासाला ते माणसाच्या भरभराटीवर येत. भरभराट म्हणजे केळीचे ट्रक भरून दिल्लीला जाणं नव्हे, हे आधी बजावायचे, कारण पोरं बहुतेक त्याच घरांतली. मग विचारायचे, "विळ्याचा गुण कोणता? कापणं. पंपाचा गुण कोणता? पाणी उपसणं."

"लाईट असली तर, सर," मागून कोणीतरी म्हणायचा.

सर तिकडे दुर्लक्ष करायचे. खरं तर अख्ख्या विषयात तेवढा एकच शहाणा मुद्दा निघायचा. "मग माणसाचा गुण कोणता? माणूस कशानं माणूस म्हणून उत्तम होतो?" इथं घंटा व्हायची. दरवर्षी इथंच व्हायची. दुसऱ्या दिवशी सर पुढचा धडा सुरू करायचे, त्यामुळे माणूस कशानं उत्तम होतो हे आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या एकाही पिढीला कळलेलं नाही.

जे शिकवायचं ते जगायचं, असा सरांचा बाणा होता आणि इथं त्यांना नावं ठेवायला जागा नाही. एसटीत चौदा रांगा असतील तर ते सातव्या रांगेत बसत, जागा नसेल तर सातव्या रांगेपाशी उभे राहत. प्राध्यापकांचा संप झाला तेव्हा ते सकाळी संपावर होते आणि दुपारी मस्टरवर. निवडणुकीत एका बाजूला भाचेजावई उभा आणि दुसऱ्या बाजूला संस्थेचा माणूस. सरांनी शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध मारला आणि संध्याकाळी चहा पिताना आम्हाला ते अभिमानानं सांगितलं. मत बाद झालं हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मोठ्या माणसाच्या समाधानाला कशाला चूड लावा?

त्यांचं गाव असोदा. थंडीत ते सगळ्या स्टाफला मळ्यात भरीत खायला बोलवायचे. असोद्याच्या वांग्याचं भरीत काय असतं ते खाल्लेल्यालाच ठाऊक. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात. एका वर्षी काही जणांना तिखट झेपलं नव्हतं आणि काही जणांना ते मिळमिळीत लागलं होतं. म्हणून पुढच्या वर्षी सर बडगीपाशी जाऊन उभे राहिले. सगळ्यात तिखट खाणारा किती मिरच्या खातो, सगळ्यात कमी खाणारा किती, त्या दोन्हींच्या बेरजेचं अर्धं करून त्यांनी आकडा काढला. त्यांच्या पत्नी केसरबाई मुसळ हातात धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमची पट्टी तिकळे कॉलेजात ठेवा. मिरची वांग्याले पाहून टाकतात."

त्या वर्षी भरीत केसरबाईंच्या हिशेबानं झालं आणि उत्तम झालं. सर मात्र जेवताना दोन्ही बाजूंना सांगत होते की आकडा त्यांचाच आहे.

आता नोट्स. सर हातानं लिहून देत, मी स्टेन्सिल कापत असे, आणि मग सायक्लोस्टाईलवर पानं निघत. सद्गुणावरचं पान आमच्याकडचं सगळ्यात खपाऊ पान होतं, कारण तो प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. एकोणीसशे ब्याऐंशी साली ते मी पहिल्यांदा कापलं तेव्हा मजकूर एका स्टेन्सिलवर मावेना. चार ओळी उरल्या. त्या ओळी मला पाठ आहेत. 'मात्र काही गोष्टींना मध्य नसतो. चोरी, खून, विश्वासघात या गोष्टी योग्य प्रमाणात करता येत नाहीत. त्या थोड्या केल्या तरी पूर्ण केल्यासारख्याच असतात. तिथे मध्य शोधणे हाच दुर्गुण होय.'

"सर, चार ओळींसाठी दुसरी स्टेन्सिल लावू का?" मी विचारलं.

सरांनी ओळी वाचल्या. "यावर प्रश्न येत नाही," ते म्हणाले. "गाळा."

मी गाळल्या. मलाही शाई लावायचा कंटाळा होता.

यानंतर सहा वर्षांनी, एप्रिल अठ्ठ्याऐंशीमध्ये, ते प्रकरण घडलं. त्याआधी लताबाई बैसाणे कोण ते सांगायला हवं. त्या मराठीच्या अधिव्याख्यात्या. धुळ्याच्या बौद्ध कुटुंबातल्या, वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. बी. ए. आमच्याच कॉलेजात केलेलं आणि नीतिशास्त्र पितांबर सरांच्या हाताखालीच शिकलेलं. घराण्यात कॉलेजच्या फळ्यासमोर उभं राहिलेलं पहिलं माणूस त्या. दोन वर्षं हंगामी होत्या आणि जूनमध्ये कायम व्हायची ऑर्डर निघणार होती. ती ऑर्डर मीच टाईप करणार होतो. वडील दर पंधरा दिवसांनी धुळ्याहून कॉलेजच्या फोनवर फोन करून मला विचारायचे, "भाऊ, आमच्या लताचा कागद निघाला का?"

त्या दिवशी टी. वाय.चा नीतिशास्त्राचा पेपर होता. लताबाई सात नंबरच्या ब्लॉकवर पर्यवेक्षक होत्या. प्रश्नपत्रिकेत चूक निघाली तर सांगायला विषयाचा शिक्षक आवारात हजर लागतो, म्हणून पितांबर सर होते. तिसऱ्या प्रश्नात एक शब्द चुकला होता. सर तो सांगायला ब्लॉक नंबर सातमध्ये शिरले, आणि शिरले ते नेमके त्याच क्षणी. लताबाई एका बाकापाशी उभ्या होत्या आणि बाकावरच्या मुलाच्या मुठीत कागद होता. मुलगा संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. बाईंनी मूठ उघडायला लावली. सरांनी स्वतः पुढे होऊन कागद हातात घेतला, उलगडला आणि म्हणाले, "हे तर माझंच पान!"

सद्गुणाचं पान होतं. नीतिशास्त्राच्या पेपरात पोरगा सद्गुण चोरून लिहीत होता आणि आमच्या सरांच्या चेहऱ्यावर, पाणी द्यायला आलेल्या शिपायाच्या म्हणण्याप्रमाणे, कौतुक मावत नव्हतं.

तासाभरात वारं फिरलं. पुतण्यानं लिहून दिलं की बाईंनी आकसानं चिठ्ठी त्याच्या बाकावर टाकली. प्रकरण वर जाण्याआधी संस्थेनं घरच्या घरी तीन जणांची चौकशी समिती नेमली. स्टाफरूममध्ये एक जण चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "यांना जरा जास्तच नियम आठवतात." 'यांना' म्हणजे कोणाला, ते सगळ्यांना समजलं. म्हणजे काय रे, असं कोणीही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

बाईंची नोकरी आता दोन साक्षीदारांवर होती, शिपाई अभिमन आणि पितांबर सर.

अभिमन सोनगीरचा. समितीपुढे तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी पानी लिसन गयथू. चिठ्ठी त्या पोऱ्याना हातमा व्हती. मी मना डोयाघाई देखं. खोटं सांगीसन माले काय भेटनार शे?" समितीचे तिन्ही सभासद घरी हीच बोली बोलत. त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं, 'साक्षीदाराची भाषा अस्पष्ट असल्याने जबाब ग्राह्य धरता येत नाही.' मी लिहून घेतलं.

राहिले सर. सरांनी त्याच संध्याकाळी निवेदन लिहून माझ्याकडे आणलं. त्यात साफ लिहिलं होतं: चिठ्ठी विद्यार्थ्याच्या उजव्या मुठीत होती, ती मी स्वतः पाहिली व हातात घेतली. मी टाईप केलं, सरांनी सही केली, खाली तारीख घातली. खरं सांगतो, त्या क्षणी मला सरांबद्दल आदर वाटला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

रात्रभरात आदराला वाळवी लागली. सकाळी सर दुसरं निवेदन घेऊन आले. त्यात चिठ्ठी 'विद्यार्थ्याच्या हाताजवळ' होती.

"कालचं, सर?"

"ते जरा टोकाचं झालं," सर म्हणाले. "फाडून टाका."

"बरं," मी म्हणालो.

दुपारी अध्यक्षांच्या बंगल्यावर सरांना चहाला बोलावलं होतं. जूनमध्ये उपप्राचार्याची जागा भरायची आहे, असा विषय सहज निघाला म्हणे. तिथून परत आल्यावर तिसरं निवेदन आलं. ते मी शब्दशः सांगू शकतो. 'मी वर्गात प्रवेश केला तेव्हा सदर चिठ्ठी बाकावर विद्यार्थी व श्रीमती बैसाणे यांच्यापासून समान अंतरावर होती. सबब ती कोणाची हे निश्चित सांगता येत नाही.'

समान अंतरावर! फुटपट्टी लावली असावी.

लताबाई त्याच दिवशी ऑफिसात आल्या. सर माझ्या टेबलासमोरच बसून सहीसाठी पेन झटकत होते. बाई आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, चिठ्ठी त्याच्या हातात होती की नव्हती?"

"हे बघा, बाई," सर म्हणाले आणि माझ्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी आडवी रेघ मारली. "संस्था या टोकाला आहे. तुम्ही त्या टोकाला. मी जर..."

"होती की नव्हती, एवढंच विचारतेय. यात मध्य कुठला?"

"तुम्ही फार टोकाला जाता."

"सर, तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवलंत, काही गोष्टींना मध्य नसतो म्हणून. मी वहीत उतरवून घेतलंय. फुटपट्टी न लावता शिकवलेला तुमचा तो एकच तास होता."

सरांचं पेन थांबलं. ते क्षणभर खरोखर विचारात पडले, आणि मला वाटलं, आता काहीतरी होतंय. मग त्यांनी विचारलं, "नोट्समध्ये आहे का ते?"

नोट्समध्ये ते नव्हतं. का नव्हतं, हे त्या खोलीत सरांना आणि मला ठाऊक होतं.

"मग?" सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सर गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "मोतीलालभाऊ, अभिमन म्हणत होता, सरांनी आधी वेगळं काहीतरी लिहून दिलं होतं. तुम्हीच टाईप केलंत ना?"

मी म्हणालो, "बाई, शेवटी जे टेबलावर येतं तेच ऑफिसचं. बाकी सरांना विचारा."

आमच्या हेडक्लार्कची जागाही जूनमध्येच भरायची होती. ते सांगण्यासारखं नाही, पण सांगून टाकलं.

बाईंची ऑर्डर निघाली नाही. 'सेवा समाधानकारक नसल्याने मुदतवाढ देता येत नाही' असं पत्र निघालं. ते मी टाईप केलं, तीन प्रतींत. पंधरा दिवसांनी त्यांच्या वडिलांचा फोन आला, "भाऊ, कागद निघाला का?" म्हणजे बाईंनी घरी सांगितलंच नव्हतं. मी "निघाला" म्हणालो आणि फोन ठेवला. ते खोटंही नव्हतं. त्या फोनची मला अजून लाज वाटते.

पुतण्या दुसऱ्या वर्गात पास झाला आणि सर उपप्राचार्य झाले. त्यांना स्वतंत्र खोली मिळाली, टॉवेल टाकलेली खुर्ची मिळाली. आदर्श शिक्षकाचा जिल्हा पातळीवरचा कसलासा पुरस्कार मिळाला. जळगावात त्यांनी घर बांधलं, आणि त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'सुवर्णमध्य'. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत, असं म्हणायचे. मी मनात म्हणायचो, अध्यात नसतील, मध्यात तर अख्खे आहेत.

शहाण्णव साली ते निवृत्त झाले. मानपत्र मीच टाईप केलं. 'आपण सद्गुण केवळ शिकविले नाहीत, तर आचरिले' हे वाक्य माझं. अध्यक्षांना फार आवडलं. टाळ्यांच्या कडकडाटात सर भाषणाला उठले आणि मंचाच्या बरोब्बर मध्यभागी जाऊन उभे राहिले. माईक डावीकडे होता. काय बोलले ते कोणालाच ऐकू आलं नाही, तरी पुन्हा टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत केसरबाई बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "ते धुळ्याची पोरगी कुठी आहे आता? मराठीची?" मी म्हणालो, सोनगीरला हायस्कूलमध्ये आहे असं अभिमन सांगतो. त्या सरांकडे बोट करून म्हणाल्या, "मी तवाच यायले म्हटलं व्हतं, चूक केली तुमी. आठ दिवस भाजी अळणी केली. यायले कळलंच नाही."

नव्याण्णवच्या मेमध्ये मी निवृत्त झालो. हेडक्लार्क म्हणून झालो, हेही सांगून टाकतो. टेबल रिकामं करायला दोन तास लागले. त्यानंतर जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी धुळ्याला गेलो आणि तिथून शिरपूरची एसटी पकडून सोनगीरला उतरलो. किल्ल्याच्या बाजूला शाळा आहे. कशाला गेलो, असं तुम्ही विचाराल. मला वाटत होतं, मी एक चांगलं काम करायला चाललोय. एसटीत मला अगदी हलकं वाटत होतं.

लताबाई शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. वडील गेले म्हणाल्या, ब्याण्णव साली. मग मी पिशवीतून पाकीट काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी कागद उलगडला. चिठ्ठी विद्यार्थ्याच्या उजव्या मुठीत होती, ती मी स्वतः पाहिली व हातात घेतली. खाली सरांची सही, तारीख. बाईंनी तो दोनदा वाचला.

"हा खरा?" त्यांनी विचारलं.

"सरांचीच सही आहे, बाई. ते म्हणाले होते फाडून टाका. मी फाडला नाही." हे वाक्य मी धुळ्यापासून घोकत आलो होतो. त्यावर बाई काहीतरी चांगलं बोलतील अशी माझी अपेक्षा होती, खोटं कशाला सांगू?

"फाडला नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि दिलाही नाहीत."

मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता.

"त्या दिवशी मी तुमच्या टेबलासमोर उभी राहून विचारलं, तेव्हा हा कुठं होता?"

"ड्रॉवरमध्ये."

बाई माझ्या ऑफिसात दोन वर्षं येत-जात होत्या. माझं टेबल त्यांना चांगलं आठवत असणार. त्यांनी कागदाची घडी जशी होती तशी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट माझ्याकडे परत केलं.

"कुठल्या ड्रॉवरमध्ये, भाऊ?"

अठरा वर्षं मी त्या माणसाला हसत आलो होतो. बाहेर पोरांचा गलका चालला होता, आणि घंटा व्हायला अजून बराच अवकाश होता.

"मधल्या," मी म्हणालो.